काकांचं नाक आणि मुंगळा

मुंगळा निवृत्त झाला तेव्हा त्याचा निरोपसमारंभ बघायला काकांनी मला बरोबर नेलं होतं. मंचामागे ते विमान उभं केलेलं, अंगाला इतकं पॉलिश की बघणाऱ्याला त्यात स्वतःचे दात दिसावेत. मंचावर एकामागून एक साहेब उठत होते. कुणी त्याला समुद्राचा सिंह म्हणालं, कुणी आकाशातली वीज म्हणालं. एका पाहुण्यांनी तर त्याला ‘आपल्या सर्वांचा सुपुत्र’ करून टाकलं. काका माझ्या शेजारी नाकाला रुमाल लावून बसले होते.

“कसला सिंह,” ते रुमालातून म्हणाले. “मोरी आहे ती. उडती मोरी.”

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. विमानवाहू जहाजावर मेकॅनिक म्हणून लागले आणि मुख्य मेकॅनिक होऊन उतरले. हाताखालची माणसं त्यांना तोंडावर चीफ म्हणत आणि पाठीमागे नाकशेठ. देवानं इतरांना नाक श्वास घ्यायला दिलं, काकांना जगाबद्दल मत द्यायला दिलं होतं. ते नाक एकदा मुरडलं की विषय संपला. शेजारच्या घरात दूध उतू गेलं तर आमच्या मावशीला आधी कळायचं, कारण काका खिडकी लावायला उठलेले असायचे. बसमध्ये दांड्याला धरायचे ते कोपरानं. हॉटेलात गेले तर पाण्याचा पेला उजेडात धरून असा बघायचे की वेटर आपणहून दुसरा आणायचा.

असल्या माणसानं आयुष्यभर जे काम केलं ते ऐकायचंच असेल तर जेवणाआधी ऐकू नका, एवढंच सांगतो.

मुंगळा हे काही त्या विमानाचं कागदावरचं नाव नव्हे. ते जहाजावरच्या लोकांनी ठेवलेलं. एका माणसाचं, एका इंजिनाचं, इतकं छोटं विमान की जहाजावर जागा वाचवायला इतरांसारखे पंख दुमडायचीही गरज नाही. पण पोटाखाली आपल्या वजनाला न शोभणारे बॉम्ब लटकवून उडायचं. शेपटीखाली एक आकडा. जहाजावर उतरताना तो आकडा डेकवर ताणून धरलेल्या लोखंडी दोरात अडकायचा आणि वाऱ्यासारखं येणारं विमान जागच्या जागी थांबायचं. मुंगळा चावल्यावर सोडत नाही, तसं. विमान थांबायचं, त्यातला माणूस पट्ट्यांमुळे थांबायचा. माणसाचं पोट मात्र थांबायला तयार नसायचं. ते पुढे निघालेलं असायचं.

समारंभात या विमानाची कारकीर्द वाचून दाखवली ती अशी: दिमाखात दाखल झालं, पराक्रम गाजवला, नव्या पिढीला घडवलं. काकांच्या तोंडून तीच कारकीर्द ऐकली तर वेगळी आहे. दाखल झालं तेव्हा नव्या रंगाचा वास होता, आणि तो या विमानाला आलेला शेवटचा बरा वास. नंतर समुद्रानं ते धरलं. मीठ प्रत्येक फटीत शिरलं आणि त्याची ओली, करडी साय धरू लागली. ती बोटानं खरवडायची, गोड्या पाण्यानं धुवायची, पुसायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. त्यावर हायड्रॉलिकचं तेल गळायचं, लालसर आणि चिकट. एकदा इंजिनाच्या तोंडात समुद्रपक्षी गेला. त्याचं जे उरलं ते काकांनी आत अर्धं शरीर घालून हातानं काढलं, आणि पुढे कित्येक महिने मावशीनं घरात कोंबडी शिजवली नाही. रॉकेलसारखा इंधनाचा वास तर त्यांच्या बनियनमध्ये, डब्यात, बिछान्यात कायमचा राहायला आला. “लग्न मी यांच्याशी केलं,” मावशी म्हणायची, “नांदले मात्र टाकीबरोबर.”

मध्ये एकदा खरोखरची लढाई झाली. मंचावरच्या साहेबांनी ‘अचूक लक्ष्यभेद’ म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. काकांना त्या दिवसांतलं काय आठवतं हे मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, जाताना पोटाखाली बॉम्ब असायचे, येताना नसायचे, आणि पंखाखाली काजळी असायची. ती काजळी त्यांनी पुसली. ते बॉम्ब कुणावर पडले हे जहाजावर कुणी विचारत नव्हतं, आणि जेवणाच्या खोलीत त्या दिवशी गोडाचं होतं. “ते मी खाल्लं,” काका म्हणाले. “आणि मग मला त्या वाटीचीच शिसारी आली.” समारंभात टाळ्या वाजत होत्या तेव्हा त्यांनी हात मांडीवरून उचलले नाहीत.

लढाईनंतर मुंगळा म्हातारा झाला. त्याच्या पाठीवर नव्या यंत्रांचं कुबड बसवलं, जुन्या जखमांवर ठिगळं मारली आणि त्याला नवीन पोरांना जहाजावर उतरायला शिकवायच्या कामाला जुंपलं. मला सांगायची आहे ती गोष्ट इथली.

नवीन वैमानिक जहाजावर उतरायला शिकतो तेव्हा ओकतो. सगळेच नाही, पण बरेच. जुनेही कधी कधी. त्यात लाज नाही. पण या तुकडीत पहिल्यापासून एक नियम होता, आणि तो कुठल्याही फलकावर लिहिलेला नव्हता. ज्यानं ओकलं त्यानं पुसायचं. मग तो नवा असो की तुकडीचा प्रमुख. तो खाली उतरला की चीफनं न बोलता त्याच्या हातात बादली, फडके आणि रबरी मोजे द्यायचे, आणि विमानाकडे पाठ करून उभं राहायचं. आतलं काम होईपर्यंत मागं वळून बघायचं नाही. आणि कोण ओकलं हे नाव जहाजावर किंवा घरी, कुठेही काढायचं नाही.

यातलं मानाचं कारण सगळ्यांना पटण्यासारखं आहे. मेकॅनिक म्हणजे काही कुणाचा घरगडी नव्हे. पण दुसरं कारण जास्त पक्कं होतं. आतली जागा एवढी अरुंद, बटणं इतकी, की कुठे कुठे उडालं हे फक्त ओकणाऱ्यालाच ठाऊक असतं. पुसणारा दुसरा असेल तर तो दिसेल तेवढं पुसतो. एकदा कुणीतरी लपवलं होतं. ते आंबट एका खटक्याच्या फटीत सुकलं, आणि पुढे एका भलत्याच वैमानिकाचा उतरताना आकडाच खाली येईना. जहाजाभोवती घिरट्या घालून इंधन संपत आलं तेव्हा डेकवर जाळं ताणून त्याला त्यात झेललं. माणूस वाचला. चौकशीत खाऱ्या हवेवर ठपका ठेवला. काकांनी तो खटका उघडून हुंगला होता. खारी हवा त्यांना ओळखू येत होती, आणि ही ती नव्हती.

तर आता माझी मावसबहीण. ताई. काकांना असली मुलगी व्हावी यात नशिबाचा विनोद आहे. ती रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर लोकांच्या पोटातून आलेल्या नाना गोष्टी काचेवर पसरून बघायची आणि संध्याकाळी त्याच हातांनी, अर्थात धुऊन, कणीक मळायची. काकांनी तिला ‘आज काय केलंस’ हा प्रश्न कधीही विचारला नाही.

ताईच्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा काकांच्या नाकानं एकेक स्थळ उडवून लावलं. एका इंजिनियरनं चहा ढवळून चमचा चाटला आणि तोच परत साखरेच्या भांड्यात खुपसला. एका प्राध्यापकानं बोलता बोलता घराच्या किल्लीनं कान कोरला आणि मग ती किल्ली, घर कसं मोठं आहे हे सांगायला, काकांच्या हातात दिली. त्या दिवशी काकांनी तीनदा हात धुतले आणि मावशीला म्हणाले, आपली मुलगी बिनलग्नाची राहिली तरी चालेल, पण असल्या घरी देणार नाही. मावशी म्हणाली, जगातल्या सगळ्या पुरुषांना उकळून घ्या एकदा, मग निवडा.

शेवटी ताईनं स्वतःच एक आणला. आणला तो नेमका काकांच्या जहाजावरचा, नुकताच आलेला तरुण वैमानिक. रक्त तपासायला आला आणि पुन्हा पुन्हा येत राहिला. इतकं रक्त त्याच्या अंगात होतं कसं हेच आश्चर्य. घरी आला तेव्हा काकांनी त्याच्यावर डोळा ठेवला. नखं कापलेली. चमचा बशीत. शिंक आली तेव्हा रुमाल. काकांना नाव ठेवायला काही सापडेना आणि त्यामुळे ते फारच अस्वस्थ झाले. शिवाय मोठी अडचण म्हणजे जहाजावर हा साहेब, काकांनी त्याला सलाम ठोकायचा. घरी तो काकांना बघून उठून उभा राहायचा. दारात दोघांची गाठ पडली की कोण कुणासाठी थांबलंय हे कळायचं नाही आणि मावशी ओरडायची, आत तरी या कुणीतरी, डास येतायत.

काका होही म्हणत नव्हते आणि नाहीही. ताईनं त्यांना स्पष्ट सांगितलं की लग्न करीन तर याच्याशी, पण बाबांनी मनापासून हो म्हटल्याशिवाय नाही. नुसतं तोंडानं म्हणायचं नाही, नाकही सरळ हवं.

त्या महिन्यात जहाज सकाळी समुद्रात जायचं आणि संध्याकाळी बंदराला लागायचं. एके दिवशी ताईचा वैमानिक मुंगळा घेऊन आला, दोर पकडला, उतरला. काका बादली घेऊन उभेच होते; उतरणाऱ्याचा रंग बघून त्यांना कळायचं. पण तो त्यांच्या समोरून, नजर टाळून, “सगळं ठीक आहे, चीफ,” असं म्हणून झपाझप निघून गेला. काका शिडी चढले आणि त्यांनी आत डोकं घातलं. वरवर स्वच्छ. पण नाकाला कोण फसवणार. पायाच्या पट्टीखाली, खुर्चीच्या बगलेत, खटक्यांच्या रांगेत, सगळीकडे तो कोमट आंबट वास, अर्धवट पचलेल्या न्याहारीचा. एक हातमोजा खुर्चीमागे कोंबलेला. त्यात काय होतं ते मी लिहीत नाही. पुढे सगळं उघड झाल्यावर काकांनी सांगितलं तेव्हा मी खिचडी खात होतो आणि ती तशीच राहिली.

खाली उतरले तर त्यांचा जोडीदार मेकॅनिक, जाड्या, फडका घेऊन येताना दिसला. हा जाड्या म्हणजे साहेबांच्या सावलीत पाय ठेवायलाही परवानगी मागणारा माणूस. साहेबांनी जरा बघून घ्या म्हटलंय, असं तो हसत म्हणाला. काकांनी त्याच्या हातातून फडका काढून घेतला, काच बंद केली आणि विमानावर ताडपत्री घातली. तुकडीप्रमुखाला कळवलं की हे विमान उद्या उडणार नाही.

प्रमुखानं कारण विचारलं. काका म्हणाले, आतून साफ व्हायचंय. प्रमुखही जुना होता, त्यानंही पूर्वी बादली धरली होती. त्यानं नाव विचारलं नाही. फक्त किती वेळ लागेल विचारलं, आणि काका म्हणाले, ज्याचं आहे त्याला पुसावंसं वाटेपर्यंत. अख्ख्या कारकिर्दीत यंत्र धड असून त्या मुंगळ्याची उडायची पाळी चुकली ती ही एकदाच, आणि मंचावरच्या भाषणात तिला ‘किरकोळ तांत्रिक बिघाड’ म्हटलं होतं.

घरी येऊन काकांनी ताईला सांगून टाकलं की या लग्नाला माझी ना आहे. ताईनं का विचारलं. आता आली का पंचाईत. नियमाप्रमाणे नाव काढायचं नाही, घरीसुद्धा. काका म्हणाले, सांगता येत नाही. ती म्हणाली, चमच्याचं सांगता येत होतं, किल्लीचं सांगता येत होतं, मग याचं का नाही? काकांनी पानावरून हात मागे घेतला. त्यांना आता जेवणाचा नाही, स्वतःच्या गप्प बसण्याचाच उबग आला होता. मावशी सांगते की इतक्या वर्षांत त्यांनी न सांगता येणारी गोष्ट घरात आणल्याचं तिला तरी आठवत नाही. सांगू नये अशा मात्र रोज आणायचे.

ताडपत्रीखाली मुंगळा उन्हात तापत राहिला. दुसऱ्या दिवशी जवळून जाणारे लोक वाट वाकडी करून जाऊ लागले. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीपर्यंत सुगंध पोचला. सगळ्यांना ठाऊक होतं की ते विमान शेवटी कुणी उडवलं, पण नाव कुणीच घेत नव्हतं. नुसतं तो दिसला की बोलणं थांबायचं. जाड्या काकांना म्हणाला, चीफ, मी पुसून टाकतो ना, एवढंच तर आहे. काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की तोही ताडपत्रीखाली जाईल की काय असं वाटलं.

त्या संध्याकाळी वैमानिक घरी आला. ताईनंच बोलावलं होतं. तिला वाटलं समोरासमोर बसवलं की कोडं सुटेल. मावशीनं पानं वाढली. काका आणि तो समोरासमोर बसले आणि दोघांनीही भाताला हात लावला नाही. शेवटी तोच खाली मान घालून म्हणाला,

“काका, ते काम जाड्या करणार होता.”

ताईनं विचारलं, “कुठलं काम?”

नियम काकांना बांधत होता. त्याला स्वतःला नाही. तो मेलेल्या आवाजात म्हणाला, “मी विमानात ओकलो. आणि दुसऱ्याला पुसायला सांगितलं. ते अजून तसंच आहे.”

ताईनं घास गिळला. तिच्या धंद्यात ही काही बातमी नव्हती. “पण का?”

“कारण बादली घेऊन तुझे बाबा उभे होते,” तो म्हणाला. “साखरेत चमचा घातला म्हणून ज्यांनी एकाला घालवलं, त्यांच्यासमोर मी ओकून भरलेला मोजा दाखवू? मला वाटलं, संपलंच.”

मावशीला हसू आलं आणि तिनं ते पदरात कोंबलं. काकांचा चेहरा मात्र विचित्र झाला. आपल्या नाकाची दहशत इतकी लांब, पार आकाशापर्यंत पोचली असेल हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मावशी म्हणते तेव्हा पहिल्यांदा त्यांना स्वतःचीच थोडी घाण वाटली.

ताई वैमानिकाकडे वळली. “ओकलास म्हणून बाबांनी नाही म्हटलं असतं तर मी त्यांच्याशी भांडले असते. पुसलं नाहीस म्हणून नाही म्हणत असतील, तर ते कशाला, मीच म्हणते.”

तो ताटावरून उठायला लागला. मावशीनं त्याला खाली बसवलं. आत्ता बंदरावर कोण सोडणारे, म्हणाली, सकाळी जा, आणि जाणारच असशील त्या कामाला तर आज थोडंच खा.

सकाळी तो एकटाच डेकवर आला. काका ताडपत्री काढून उभे होते. काच उघडली तेव्हा जो भपकारा आला त्यानं शेजारचा खलाशी शिव्या देत पळाला. काकांनी बादली, मोजे, फडके त्याच्या हातात दिले आणि पाठ केली.

तो आत उतरला. पाण्याचा आवाज, घासण्याचा आवाज. तीन दिवसांचं सुकलेलं पाण्यानं पुन्हा जिवंत होत होतं, आणि काकांच्या नाकात शिरत होतं, आणि ते समुद्राकडे बघत दात आवळून उभे होते. मग घासणं थांबलं. एक उमासा ऐकू आला. मग दुसरा. मग जे व्हायचं तेच झालं, पुन्हा, आत.

नियमात यासाठी काही तरतूद नव्हती. काकांनी नोकरीतला पहिला नियमभंग केला. ते वळले, शिडी चढले आणि आत वाकले. पोराचा चेहरा कुजलेल्या पानासारखा झाला होता, हनुवटीवरून ओघळ लागले होते, डोळ्यांत पाणी. काकांनी श्वास कोंडला, खिशातला स्वतःचा रुमाल काढला, जो त्यांनी मावशीलाही कधी वापरू दिला नव्हता, आणि त्याचं तोंड पुसलं. मग त्याला दंडाला धरून बाहेर काढलं, डेकवर बसवलं आणि पाणी पाजलं.

“साहेब,” ते म्हणाले, “पाणी प्या. वारा घ्या. आणि मग परत आत जा. आता दोन वेळचं आहे.”

तो परत गेला. सकाळची पार दुपार झाली. बाहेर आला तेव्हा काकांनी आत डोकं घालून प्रत्येक फट हुंगली. पट्टीखाली, बगलेत, खटक्यांत. फिनेल आणि ओलं लोखंड. बाकी काही नाही. काकांनी रुमाल मात्र समुद्रात टाकला. माणुसकीलाही मर्यादा असते.

संध्याकाळी घरी आले तर ताई दारातच उभी होती. काकांनी बूट बाहेर काढले, मोजे लांब धरून टबात टाकले, कोपरापर्यंत हात धुतले. मग पुन्हा धुतले. ती तशीच उभी.

“पुसलं का त्यानं?”

“पुसलं,” काका म्हणाले. “पण फडका पिळता येत नाही त्याला. सगळं पाणी स्वतःच्या बुटात ओतून घेतलं. अत्यंत गलिच्छ प्रकार.”

“मग?”

काकांनी हात पुसले, टॉवेल हुंगला आणि नाक मुरडलं. पण ते टॉवेलसाठी होतं.

“मग काय,” ते म्हणाले. “शिकवावं लागेल.”

“मी शिकवणार नाही. तुम्हीच शिकवा.”

“मीच शिकवणार,” काका म्हणाले. “तुझ्या हाताला काय काय लागलेलं असतं, मला माहीत नाही का.”